गच्चीवरची ती दुपार आणि झांबरे सर

डॉ. सोपानराव झांबरे यांची आणि माझी पहिली भेट एम.ई.च्या प्रवेशासाठी झालेल्या मुलाखतीत झाली. टेबलापलीकडे चार प्राध्यापक बसले होते. त्यांतल्या एकांनी माझ्या अर्जावरून नजर फिरवत विचारले, "वडील काय करतात?" भवानी पेठेत आमचा पत्र्याच्या डब्यांचा कारखाना आहे, असे मी सांगितले. कारखाना हा शब्द मी जरा सैलच वापरला होता. अब्बा, माझे चुलते आणि दोन कारागीर, एवढाच तो कारखाना. "मग वायरलेसकडे कशा काय वळलात?" असे त्या गृहस्थांनी ज्या सुरात विचारले, त्यावरून उत्तराची त्यांना फारशी गरज नसावी. तेवढ्यात टोकाला बसलेले, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेले एक सर पुढे झुकले आणि म्हणाले, "तुम्हाला स्वतःला डबा करता येतो का? गोल, सांधा नीट जुळलेला?"

बाकीचे हसले. मला ते लागले. तरी मी म्हटले, "येतो."

"मग या," सर म्हणाले.

सर चेष्टा करत नव्हते हे मला प्रवेश मिळाल्यानंतर पहिल्याच आठवड्यात कळले. त्यांना खरोखरच डबे हवे होते, ठरावीक व्यासाचे आणि ठरावीक उंचीचे. बाजारातले तुपाचे डबे कापून ते थकले होते. मी त्यांच्या मापाचे आठ-दहा डबे अब्बांकडून करून आणले, तेव्हा सरांनी त्यातला एक कानाशी धरला, बोटाने वाजवून पाहिला आणि शाळकरी मुलासारखे हसले. मी त्यांची विद्यार्थिनी झाले ती त्या हसण्याने.

आज सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यात त्यांच्या पहिल्या पीएच.डी. विद्यार्थिनीचा लेख हवा, असे समितीने ठरवले. मी तो लिहिते आहे. सर काय करत होते, हे या क्षेत्राबाहेरच्या वाचकांनाही समजायला हवे, म्हणून आधी तेवढे सांगते.

आपल्या घरातल्या वाय-फायच्या डब्याला दोन-तीन काठ्या असतात. त्या काठ्या म्हणजे अँटेना. काठीला दिशा नसते, ती सगळीकडे बोलते आणि सगळीकडून ऐकते. एकीच्या जागी चार काठ्या लावल्या आणि चौघींनी वेगवेगळ्या वाटांनी आलेली लहर पकडली, तर एका वेळी चौपट मजकूर नेता येतो. बहुअँटेना पद्धतीचे सगळे मर्म एवढेच. पण पुण्यासारख्या शहरात हवेत इतका गोंगाट असतो, की सगळीकडून ऐकणाऱ्या काठीला आपले आणि परक्याचे वेगळे करता येत नाही. त्या काळी सगळी पुस्तके काठ्यांवरच थांबलेली होती. सर म्हणाले, काठ्या काढा आणि दिशा असलेले अँटेना लावा. एका बाजूने उघडा पत्र्याचा डबा घेतला, तर तो उघड्या तोंडाच्या दिशेनेच ऐकतो, बाकीचा गोंगाट मागे राहतो. ही कल्पना सरांची, पूर्णपणे सरांची. विभागात त्यांना 'डबेवाले झांबरे' म्हणत. ज्यांनी हे नाव पाडले त्यांतल्या दोघांचे लेख याच ग्रंथात आहेत. त्यांत 'द्रष्टे' हा शब्द असेलच.

सर मूळचे हडपसरचे, शेतकऱ्याच्या घरातले. गावाचे उपनगर होताना त्यांनी पाहिले. घरी आणि रागात त्यांची भाषा गावाची असे, वर्गात ती पुस्तकाची होई. त्यांची एक सक्त शिस्त होती: मोजल्याशिवाय बोलायचे नाही. एकदा एका परिषदेच्या अंकात सरांचा लेख छापून आला. काही दिवसांनी एका विद्यार्थ्याने भीत भीत दाखवले, की एका तक्त्यातले आकडे चुकीच्या जोडणीने घेतले गेले आहेत. सरांनी ते स्वतः मोजून पाहिले, त्याच संध्याकाळी संपादकांना लिहिले आणि लेख मागे घेतला. दुसऱ्या दिवशी विभागाच्या बैठकीत उभे राहून त्यांनी ते सगळ्यांना सांगितले आणि त्या मुलाचे नाव घेतले. असे करणारा दुसरा प्राध्यापक मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलेला नाही. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचे वाचताना कोणी सरांना लबाड म्हणेल, आणि ते खरे नाही.

एम.ई. झाल्यावर घरून शिक्षण थांबवायचे ठरले. मी सरांना तसे सांगितले. दोन दिवसांनी ते भवानी पेठेत आमच्या दुकानासमोर स्कूटरवरून उतरले, बसायला खुर्ची नव्हती म्हणून एका पालथ्या पिंपावर बसले आणि अब्बांशी बोलू लागले.

अब्बा म्हणाले, "साहेब, पोरगी शिकली, नोकरी लागेल. अजून किती शिकायचं? लग्नाचं वय चाललंय."

"मुलाणीभाई," सर म्हणाले, "आमच्या गावात शिकलेली पोरं मायंदाळ हायेत. असं डोकं एकाचंबी नाय. तिला शिकू द्या. लग्नात मी मांडवात उभा राहतो, शब्द देतो."

अब्बांनी चहा मागवला. माझ्या पीएच.डी.चा निर्णय त्या चहावर झाला. पुढे माझ्या निकाहच्या दिवशी सर आणि त्यांच्या पत्नी सिंधूकाकू सकाळपासून हजर होते. सर दारात उभे राहून पाहुण्यांना आत नेत होते. अब्बांनी त्यानंतर सरांचे नाव कधी एकेरी घेतले नाही, आणि कुणाला घेऊही दिले नाही.

आता ती दुपार.

आमचे महाविद्यालय विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला आहे. एका बाजूला मुख्य इमारतीची गच्ची आणि दुसऱ्या बाजूला वसतिगृहाची गच्ची, अशी आमची प्रयोगाची जोडणी होती. वसतिगृहाच्या गच्चीवरून साध्या काठ्या लहरी सोडत आणि आमच्या गच्चीवरचे चार डबे त्या ऐकत. चारही डब्यांची तोंडे सरांनी अगदी काटेकोरपणे समोरच्या गच्चीकडे लावली होती. दोरी ताणून, खुणा करून. लहर खणखणीत येत होती, पण मजकुराचा वेग वाढत नव्हता. चार डबे लावून एका डब्याचे काम होत होते. महिनोन् महिने आम्ही वायरी बदलल्या, जोड बदलले, यंत्र बदलले.

माझ्या डोक्यात तेव्हापासून एक गोष्ट घोळत होती. चार माणसांनी एकाच खिडकीतून बाहेर पाहायचे असेल तर चार माणसे कशाला? चौघांनाही तेच दिसणार. आमचे चारही डबे एकाच वाटेने येणारी एकच लहर ऐकत होते. मी सरांना विचारले होते, "सर, एखादा डबा दुसरीकडे वळवून पाहू का? रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीकडे? लहर तिथे आपटून येतच असणार." सर म्हणाले होते, "लहर येते कुठून? वसतिगृहावरून. मग आपण काचेकडे कशाला बघायचं?" विषय तिथे संपला होता.

त्या दिवशी सर हडपसरला होते. रस्त्यासाठी त्यांच्या वडिलांचे शेवटचे रान जाणार होते आणि त्याची मोजणी होती. सर दोन दिवसांपासून अस्वस्थ होते. गच्चीवर मी एकटीच होते. ऊन असे होते, की पत्र्याला हात लावता येत नव्हता. मी ओढणी हाताला गुंडाळली, एका डब्याचा बोल्ट सैल केला आणि त्याचे तोंड काचेच्या इमारतीकडे फिरवले. दुसरा पाण्याच्या टाकीकडे, तिसरा शेजारच्या नव्या बांधकामाच्या भिंतीकडे. चौथा तेवढा वसतिगृहाकडे राहू दिला. लहरीची ताकद दाखवणारा आकडा पडला. अपेक्षाच होती. मग मी मजकुराचा वेग पाहिला. तो वर गेला, आणि वर जातच राहिला. मी डबे पुन्हा सरळ केले, वेग खाली आला. पुन्हा फिरवले, पुन्हा वर. आपटून, फिरून, वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी चार वेगळे डबे वेगवेगळ्या ऐकत होते.

मी गच्चीवरूनच सरांना फोन केला. पलीकडे माणसांचा कालवा चालला होता.

"सर, मी तीन डबे फिरवले. काचेकडे, टाकीकडे—"

"काय फिरवले?" सर ओरडले. "नसीम, उन्हानं डोकं फिरलंय का तुझं? आधी जागेवर लाव ते! इथं माझं रान चाललंय आणि तुझं काय तिसरंच!"

फोन बंद झाला. मला वाईट वाटले नाही. त्यांच्या आवाजात जे होते ते माझ्यासाठी नव्हते, हे कळत होते. मी डबे जागेवर लावले नाहीत, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सर आले. चेहरा ओढलेला होता. मी त्यांना सगळे सांगितले: ऊन, भाजणारा पत्रा, ओढणी, पडलेला आकडा आणि चढलेला वेग. सर गच्चीवर गेले आणि त्यांनी एकेक डबा स्वतः फिरवून पाहिला, पुढे, मागे, पुन्हा पुढे. जेवायची वेळ उलटून गेली. शेवटी ते पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले आणि म्हणाले, "आपल्याला हे सुचायला इतके दिवस का लागले असतील?"

'आपल्याला'. मी त्या शब्दाने हरखून गेले. माझ्या गुरूंनी मला आपल्यात घेतले होते. पुढे जो शोधनिबंध छापला गेला त्यात 'आम्ही' होते, पहिले नाव सरांचे आणि दुसरे माझे. विद्यार्थ्याचे नाव दुसरे येते, तशी रीत होती, माझी तक्रार नव्हती. आणखी काही वर्षांनी सरांच्या व्याख्यानांमध्ये 'मी' आले. मराठीत हा प्रवास फार छोटा आहे. क्रियापदालाही विशेष त्रास होत नाही.

मधल्या काळात एका कंपनीने आमच्या मांडणीत रस घेतला आणि पेटंटचा अर्ज झाला. अर्जावर संशोधक म्हणून सरांचे आणि कंपनीच्या एका अधिकाऱ्याचे नाव होते. त्या अधिकाऱ्यांनी गच्ची पाहिली होती, कराराच्या समारंभाच्या दिवशी, चहा घेताना. मी सरांना विचारले. सर म्हणाले, "अगं, नावं जास्त झाली की वकील कुरकुर करतात. तुझं पुढच्या अर्जात बघू." पुढचा अर्ज झाला नाही.

त्याच महिन्यात मी आणि माझे पती महाविद्यालयाजवळ घर शोधत होतो. विश्रांतवाडीत एक घर पसंत पडले. मालक तयार होते. सोसायटीच्या सचिवांनी आमचे आडनाव ऐकले आणि सांगितले, "घर आधीच ठरलंय." ते ठरलेले नव्हते, पुढे बरेच दिवस भाड्याची पाटी लटकत होती. मी हे सरांपाशी सहज बोलले. सर हडपसरहून स्कूटर मारत आले आणि सचिवांच्या दिवाणखान्यात जाऊन बसले.

"करारावर जामीन म्हणून माझं नाव घाला," सर म्हणाले. "यांच्याकडून एक दिवस जरी त्रास झाला, तर मला फोन करा, मी येऊन उत्तर देईन. आणि त्रास यांना झाला, तरी मी येणार आहे. दोन्ही लक्षात ठेवा."

आम्हाला घर मिळाले. माझी मुले त्या घरात वाढली. वाचकहो, आता मला सांगा, मी पेटंटबद्दल दुसऱ्यांदा कोणत्या तोंडाने विचारायचे होते? सरांनी एका हाताने काय घेतले आणि दुसऱ्या हाताने काय दिले, याचा हिशेब मांडायला मी बसले तर बेरीज कधीच जुळत नाही. कारण घेतले ते त्यांच्या लक्षातही आले नाही, आणि दिले ते त्यांनी एकदाही बोलून दाखवले नाही.

सरांना एका संस्थेचा मोठा पुरस्कार मिळाला. मी तोवर त्याच विभागात प्राध्यापक झाले होते. निवड समितीत दोघे माझ्या विरोधात होते आणि सरांनी भांडून माझी निवड करून घेतली होती, हेही इथे नोंदवायला हवे. सभागृह भरलेले होते. मी पुढच्या रांगेत बसले होते, शेजारी आमचे सहकारी प्रा. साने. सर भाषणाला उठले. थोडे कामाबद्दल बोलले आणि मग म्हणाले, "एक गंमत सांगतो."

गंमत अशी होती. भर उन्हात सर गच्चीवर एकटे होते. पत्रा इतका तापला होता, की त्यांनी हातरुमाल गुंडाळून डबा फिरवला. आकडा पडला, वेग चढला. आनंदाने त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला फोन लावला. "आमची नसीम फार शिस्तीची. ती म्हणाली, 'सर, वसतिगृह त्या बाजूला आहे!' उन्हानं सरांचं डोकं फिरलं, असंच वाटलं असणार तिला. मोठ्या मनाची म्हणून बोलली नाही."

सभागृह हसले. लोक माझ्याकडे वळून पाहू लागले. सानेंनी माझ्या खुर्चीच्या हातावर कौतुकाने थाप मारली. सर मंचावरून माझ्याकडे बघून हसत होते. ते हसणे तेच होते, डबा वाजवून पाहतानाचे. त्यात कपट नव्हते. मी हसले. त्या सभागृहात मला दुसरे काय करता आले असते, हे मला आजही कोणी सांगितलेले नाही.

त्यानंतर ती गंमत मी अनेकदा ऐकली. प्रत्येक खेपेला ती थोडी अधिक रंगलेली असे. एका दिवाळी अंकातल्या मुलाखतीत मी गच्चीवर धावत येऊन डबे सरळ करू पाहते आणि सर माझा हात धरून मला थांबवतात, असेही आले. त्या मांडणीला आता 'झांबरे मांडणी' म्हणतात. मी ती दरवर्षी शिकवते. दरवर्षी कोणीतरी विचारते, "मॅडम, सरांना ही आयडिया सुचली कशी?" मी फळा पुसता पुसता सांगते, "गच्चीवर सुचली." हे उत्तर खरे आहे, आणि तासही वेळेवर संपतो.

या ग्रंथासाठी समितीच्या वतीने सानेंचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, बाकी काहीही लिहा, पण गच्चीचा किस्सा तुमच्याकडूनच हवा. तुम्ही प्रत्यक्ष साक्षीदार!"

"झालं तसंच लिहीन," मी म्हटले, आणि त्यांना थोडक्यात सांगितले.

मग साने म्हणाले, "मॅडम, हा गौरवग्रंथ आहे. चौकशी समिती नव्हे."

"मग साक्षीदार कशाला बोलावताय?" मी फोन ठेवला.

पण ज्यांच्याबद्दल लिहायचे त्यांना न सांगता लिहिणे मला पटेना. मी रविवारी सकाळी हडपसरला सरांच्या घरी गेले. सरांची नजर अलीकडे बरीच कमी झाली आहे. मोठ्या अक्षरांचे मथळेही त्यांना दिसत नाहीत. रोजचे वर्तमानपत्र, आलेली पत्रे, सगळे सिंधूकाकू वाचून दाखवतात. मी आले हे सरांनी आवाजावरून ओळखले आणि जवळची खुर्ची हाताने चाचपून पुढे केली.

"समितीनं गच्चीबद्दल लिहायला सांगितलंय, सर."

"मग लिही की. तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?"

"सर, त्या दुपारी गच्चीवर मी होते. तुम्ही नव्हता."

सर हसले. "मी नव्हतो, तर डबे फिरवले कुणी?"

"मी."

सर चिडले नाहीत. वर्गात एखाद्या मुलाने गणितात उलटे चिन्ह घातले की ते ज्या सौम्य आवाजात समजावत, त्या आवाजात म्हणाले, "नसीम, मला ते ऊन आठवतंय गं. पत्रा भाजत होता. हाताला रुमाल गुंडाळला होता मी."

"ती माझी ओढणी होती, सर. मीच तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तुम्ही त्या दुपारी रानात होता. मोजणी होती."

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "व्हय की. मोजणीला दिवसभर तुम्ही रानातच हुता. मी भाकरी घिऊन आले हुते. हिचा फोन आला आन् तुम्ही वरडला हिच्यावर. मामंजी म्हनले बी, कुनावर वरडतूस एवढा."

सरांनी काकूंच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. काकू कपबशा हातात धरून उभ्या होत्या. खिडकीतून रस्त्यावरच्या बसचा आवाज येत होता. सरांचा चेहरा बराच वेळ हलला नाही. त्यांना काही दिसते आहे, असे मला वाटले. इतक्या वर्षांत मी या क्षणाच्या एवढी जवळ कधीच आले नव्हते.

"मोजणी दुसऱ्या दिवशी असंल," सर म्हणाले.

काकूंनी तोंड उघडले. मग मिटले. "असंल," त्या म्हणाल्या, कपबशा ठेवल्या आणि आत गेल्या.

ज्या दिवशी वडिलांचे रान गेले, तो दिवस माणसाला विसरता येत नाही. सरांनी माझ्यासमोर तो दिवस एका दिवसाने पुढे सरकवला, कारण त्यांच्या गच्चीवरच्या दुपारला तिथे जागा हवी होती. त्यांनी ते माझ्याविरुद्ध केले नाही. ती दुपार त्यांच्याकडून काढून घेतली तर मागे काय उरेल, याची त्यांना भीती वाटली असावी. खरे तर पुष्कळ उरते. काठ्या काढून डबे लावण्याची मूळ कल्पना उरते, जिच्यावर आज इतके लोक जगतात. मी त्यांना ते सांगायला हवे होते, पण माझ्यात त्या वेळी दया नव्हती. मी म्हटले, "सर, मला आठवतं तेच मी लिहिणार आहे."

"लिही," सर म्हणाले आणि त्यांनी आत हाक मारली, "अगं, सान्यांना फोन लाव."

काकूंनी फोन लावून त्यांच्या हातात दिला. सर म्हणाले, "साने, नसीम जे लिहील ते जसंच्या तसं छापायचं. एक शब्द गाळलात, तर माझा सत्कार रद्द समजा." फोन देऊन ते माझ्याकडे वळले. "माणसांच्या आठवणी वेगवेगळ्या असतात. तुझी तू लिही. माझी माझ्यापाशी राहू दे."

म्हणजे हा लेख तुमच्या हातात आहे तो सरांच्या मेहेरबानीने. माझी गोष्ट छापून यायलाही मला सरांची शिफारस लागली. असा उपकार आणि असा अपमान एकाच वाक्यात करणे फार थोड्यांना जमते, आणि सरांना तर आपण काही केले याची कल्पनाही नाही.

काकू फाटकापर्यंत सोडायला आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "राग नगं धरू."

"काकू, तुम्हाला तर आठवतंय ना?"

"मला समदं आठवतंय," त्या म्हणाल्या. "पर मला ऱ्हायचंय ना त्यांच्याबरूबर."

हे वाक्य मी इथे लिहावे की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. शेवटी काकूंना फोन करून विचारले. त्या म्हणाल्या, "लिव. वाचनार मीच हाय." तेव्हा हा लेख सरांना वाचून दाखवताना ते वाक्य वाचायचे की वगळायचे, हे त्यांनी ठरवावे. सरांनी सानेंना दिलेली ताकीद काकूंना लागू नाही.

समितीने कळवले आहे, की लेखाचा शेवट शुभेच्छांनी करावा. त्यासाठी मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. मला सर हवे आहेत, खूप वर्षे हवे आहेत. पुढच्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांवर उपचार आहेत, ते नीट पार पडोत. पाय चालते राहोत, कान शाबूत राहोत, जेवण पचत राहो, काकूंचा हात त्यांच्या हातात राहो. ज्यांच्यावर मी इतकी रागावले आहे आणि ज्यांच्याविना मी कोणीच झाले नसते, असे माझ्या आयुष्यात तेवढे एकच आहेत. ते असेपर्यंत एक शक्यता उरते. एखाद्या दिवशी, कोणी विचारलेले नसताना, सरांना ती दुपार जशी होती तशी आठवेल. सर, आठवलीच तर मला सांगितले नाही तरी चालेल. काकूंना सांगा.